‘चांगले तालिबान, वाईट तालिबान’: पाकिस्तानने केलेली वाटणी त्याच्याच अंगावर कशी उलटली?

२०२५ च्या जूनमध्ये शाळा उघडली. पहलगामचा हल्ला आणि त्यानंतरची मे महिन्यातली चार दिवसांची लढाई मुलांनी सुट्टीत, घरी टीव्हीसमोर बसून पाहिली होती. नववीच्या वर्गात नागरिकशास्त्राच्या तासाला एका मुलाने हात वर केला. “सर, पाकिस्तान दहशतवाद्यांच्या बाजूने आहे की त्यांच्या विरुद्ध? बाजूने असेल तर मग त्यांच्याच मशिदीत बॉम्ब कसा फुटतो?”

प्रश्न साधा वाटतो, पण टीव्हीवरच्या रात्रीच्या चर्चेत तो कोणी असा विचारत नाही. तिथे एक बाजू म्हणते, ते सगळे एकच आहेत. दुसरी बाजू म्हणते, तेही बिचारे दहशतवादाचे बळी आहेत. दोन्हींत थोडं थोडं खरं आहे, आणि म्हणूनच दोन्ही उत्तरं अपुरी आहेत. त्या दिवशी तास संपला, उत्तर संपलं नाही. ते इथे जरा सविस्तर मांडतो आहोत, कारण हा प्रश्न आपल्या प्रत्येक घरात, जेवताना, कधी ना कधी येतोच.

सुरुवात १९७९ पासून करावी लागते. त्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. पाकिस्तानात तेव्हा जनरल झिया-उल-हक यांची लष्करी राजवट होती. अमेरिकेचा पैसा आणि शस्त्रं, सौदीचा पैसा, आणि हे सगळं कोणत्या गटाला किती द्यायचं हे ठरवणारी पाकिस्तानची आयएसआय, अशी ती साखळी होती. निर्वासितांच्या छावण्यांतून आणि सरहद्दीवरच्या मदरशांतून मुलं उचलली गेली. दीनचे शब्द, शस्त्रांचं प्रशिक्षण आणि परक्या देशांचा पैसा या तीन गोष्टी तिथे एकत्र आल्या. रशियन परत गेले, अमेरिकेने पाठ फिरवली, पण आयएसआयच्या हाती एक तंत्र उरलं: फौज न पाठवता शेजाऱ्याला जेरीस आणायचं. नव्वदच्या दशकात तेच तंत्र पूर्वेला काश्मीरमध्ये वापरलं गेलं आणि पश्चिमेला काबूलमध्ये. काबूलमध्ये आपल्या मर्जीतलं सरकार असावं, म्हणजे भारताशी लढताना पाठ सुरक्षित राहील, या विचाराला तिथले जनरल ‘स्ट्रॅटेजिक डेप्थ’ म्हणत.

त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर इथे दडलेलं आहे. एखादा गट दहशतवादी आहे का, हे पाकिस्तानच्या लष्कराने तो गट काय करतो यावरून ठरवलंच नाही. तो कोणावर गोळी झाडतो, यावरून ठरवलं. काबूलवर झाडणारे अफगाण तालिबान आणि हक्कानी गट चांगले. काश्मीर-मुंबईवर झाडणारे लष्कर-ए-तय्यबा आणि जैश-ए-मोहम्मद यांच्यावर कागदोपत्री बंदी, पण प्रत्यक्षात डोळेझाक. आणि पाकिस्तानी शिपायावर झाडणारे तेवढे वाईट. घरातल्या भांड्यांची वाटणी करावी तशी ही वाटणी. पण भांडी आपापल्या फळीवर राहतात, माणसं राहत नाहीत.

११ सप्टेंबर २००१ नंतर जनरल मुशर्रफ यांनी अमेरिकेची साथ दिली. जानेवारी २००२ मध्ये लष्कर आणि जैशवर बंदी आली. डिसेंबर २००३ मध्ये खुद्द मुशर्रफ यांच्यावर दोनदा जीवघेणे हल्ले झाले. जुलै २००७ मध्ये इस्लामाबादच्या लाल मस्जिदीत लष्कर घुसलं आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात बैतुल्ला मेहसूद याच्या नेतृत्वाखाली कबायली भागातले अनेक गट एका झेंड्याखाली आले. तहरीक-ए-तालिबान पाकिस्तान, म्हणजे टीटीपी, ती हीच. याच महिन्यात रावळपिंडीत बेनझीर भुट्टो मारल्या गेल्या. २०११ मध्ये ओसामा बिन लादेन सापडला तो अबोटाबादमध्ये, काकुलच्या लष्करी अकादमीपासून हाकेच्या अंतरावर. त्याच वर्षी अमेरिकेच्या जॉइंट चीफ्स ऑफ स्टाफचे अध्यक्ष ॲडमिरल मलन यांनी सिनेटसमोर सांगितलं की, हक्कानी गट हा आयएसआयचाच एक हात आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत हिलरी क्लिंटन इस्लामाबादला जाऊन बोलल्या की, परसात साप पाळले तर ते फक्त शेजाऱ्यालाच चावतील असं समजू नका. हे बोलणाऱ्यांच्या देशानेच त्या सापांना ऐंशीच्या दशकात दूध पाजलं होतं, हेही विसरायला नको.

दोन दिवसांचं अंतर

आम्ही शिक्षक आहोत, त्यामुळे १६ डिसेंबर २०१४ ही तारीख आमच्या मनातून जात नाही. पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलमध्ये टीटीपीचे बंदूकधारी शिरले. १४० हून अधिक जीव गेले, त्यांत १३० हून अधिक विद्यार्थी. मुख्याध्यापिका ताहिरा काझी मुलांना वाचवताना गेल्या. कलमा पढणाऱ्या मुलांना कलमा पढणाऱ्यांनीच मारलं. उत्तर वझिरिस्तानात लष्कराने सुरू केलेल्या ‘जर्ब-ए-अज्ब’ मोहिमेचा हा बदला आहे, असं टीटीपीने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पंतप्रधान नवाझ शरीफ यांनी जाहीर केलं की, यापुढे चांगले तालिबान आणि वाईट तालिबान असा फरक केला जाणार नाही. वीस कलमांचा राष्ट्रीय कृती आराखडा आला. घटनादुरुस्ती करून लष्करी न्यायालयं आली. वाटलं, आता तरी धडा मिळाला.

आणि हल्ल्याला पुरते दोन दिवसही होत नाहीत तोच, १८ डिसेंबरला, तिथल्या दहशतवादविरोधी न्यायालयाने झकी-उर-रहमान लखवीला जामीन दिला. लखवी म्हणजे मुंबईच्या २६/११ हल्ल्यातला मुख्य आरोपी. भारतातून आरडाओरडा झाला म्हणून त्याला दुसऱ्या कायद्याखाली आत ठेवलं गेलं, पण एप्रिल २०१५ मध्ये तो बाहेर आला. पेशावरच्या मुलांच्या कबरींवरची माती अजून ओली असताना हे घडलं. फरक करणार नाही असं म्हणायचं आणि फरक करायचा, याचं यापेक्षा उघड उदाहरण आम्हाला तरी सापडत नाही.

दुसरं ‘दोन दिवसांचं’ उदाहरण २०२१ चं. १५ ऑगस्टला काबूल तालिबानच्या हाती गेलं. इम्रान खान यांनी अफगाणांनी गुलामीच्या बेड्या तोडल्या असं म्हटलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला आयएसआयचे प्रमुख फैज हमीद काबूलच्या हॉटेलात चहाचा कप हातात घेऊन पत्रकारांना सांगत होते की, सगळं ठीक होईल. मग अफगाण तालिबानच्या मध्यस्थीने टीटीपीशीच बोलणी सुरू झाली आणि ८ नोव्हेंबरला महिनाभराची युद्धबंदी जाहीर झाली. १० नोव्हेंबरला पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने आर्मी पब्लिक स्कूलच्या प्रकरणात खुद्द पंतप्रधान इम्रान खान यांना हजर राहायला लावलं. सात वर्षं न्यायासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या आई-बापांच्या बाजूने न्यायाधीश विचारत होते की, ज्यांनी ही मुलं मारली त्यांच्याशीच सरकार बोलतंय का? हल्लेखोरांच्या बाजूने बोलणारा एहसानुल्ला एहसान २०२० मध्ये लष्कराच्या ताब्यातून पळून गेला होता, ती जखमही ताजी होती.

बोलण्यांतून मिळालं काय? टीटीपीला श्वास घ्यायला वेळ. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांनी युद्धबंदी मोडली. ३० जानेवारी २०२३ ला पेशावरच्या पोलीस लाइनमधल्या मशिदीत जुहरच्या नमाजला स्फोट झाला. ८० हून अधिक नमाजी, बहुतेक पोलीस, सफेतच शहीद झाले. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नातली मशीद ती हीच. २०२५ च्या जागतिक दहशतवाद निर्देशांकात पाकिस्तान दुसऱ्या क्रमांकावर आला. त्या अहवालाप्रमाणे २०२४ मध्ये तिथे दहशतवादाने १,०८१ जीव घेतले, आदल्या वर्षापेक्षा ४५ टक्क्यांनी जास्त. बलुचिस्तानची आग वेगळी, तिची कारणंही वेगळी. तिथे मार्च २०२५ मध्ये बलोच लिबरेशन आर्मीने चारशेहून अधिक प्रवासी असलेली जाफर एक्सप्रेसच ताब्यात घेतली.

यात सर्वांत जास्त भरडला गेला तो पश्तून. २०१४ च्या मोहिमेत उत्तर वझिरिस्तानातून सुमारे दहा लाख माणसं घरदार सोडून निघाली. तालिबान आले तेव्हा त्यांनी मारलं, लष्कर आलं तेव्हा त्याने तपासणी नाक्यांवर उभं केलं. या दोघांनाही जाब विचारणारी अहिंसक चळवळ, पश्तून तहफ्फुज मूव्हमेंट, उभी राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने तिच्यावरच बंदी घातली. बंदूक नसलेल्यावर बंदी घालायला फारसा वेळ लागत नाही.

आता तीच तक्रार, फक्त तोंड बदललं

आज इस्लामाबाद काबूलला काय सांगतंय ते नीट ऐका. तुमच्या भूमीवर दहशतवाद्यांचे अड्डे आहेत. तुमच्याकडून येऊन ते आमची माणसं मारतात आणि परत तुमच्याकडे लपतात. म्होरक्यांना आमच्या ताब्यात द्या. आणि काबूल काय उत्तर देतं? आमच्याकडे कोणी नाही. हा तुमचा अंतर्गत प्रश्न आहे. पुरावा द्या.

हा संवाद ओळखीचा वाटतो ना? वीस वर्षं दिल्ली हेच इस्लामाबादला सांगत होती आणि इस्लामाबाद हेच उत्तर देत होतं. हमीद करझई आणि अश्रफ गनी काबूलमध्ये असताना तेही हेच सांगत. क्वेट्ट्यात बसून अफगाणिस्तान पेटवणाऱ्या तालिबान नेत्यांबद्दल पाकिस्तान तेव्हा म्हणायचा की, इथे तसं कोणी नाही.

पाकिस्तानची आजची तक्रार खोटी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षण गटाने २०२४ मध्ये अफगाणिस्तानात टीटीपीचे सहा ते साडेसहा हजार लढवय्ये असल्याचा अंदाज दिला. पण काबूलचे तालिबान त्यांना हाकलतील कसे? वीस वर्षं अमेरिकेविरुद्ध ते खांद्याला खांदा लावून लढले. टीटीपीने अफगाण तालिबानच्या अमीराची बैअत केलेली आहे. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना तेच कबिले, तेच सोयरे. १८९३ ची ड्युरंड रेषा काबूलच्या कोणत्याच सरकारने मनापासून मान्य केली नाही, तालिबाननेही नाही. शिवाय फार दाबलं तर हीच पोरं इसिस-खुरासानकडे जातील ही भीती. थोडक्यात, ज्या वाड्यात पाकिस्तानने पाहुणे ठेवले होते, त्या पाहुण्यांनी आता स्वतःचा वाडा बांधून तिथे स्वतःचे पाहुणे ठेवलेत.

ऑक्टोबर २०२५ मध्ये हे भांडण उघड लढाईपर्यंत गेलं. ९ तारखेला काबूलमध्ये स्फोट झाले, त्याचं बोट पाकिस्तानकडे गेलं. ११ च्या रात्री सरहद्दीवर दोन्ही फौजा भिडल्या. कतार आणि तुर्कियेने मध्ये पडून १९ तारखेला दोह्यात युद्धबंदी घडवली. तोरखम आणि चमनची फाटकं बंद झाल्यावर पाकिस्तानातल्या बाजारात टोमॅटो किलोला सहाशे रुपयांच्या घरात गेला. त्याआधी, २०२३ च्या ऑक्टोबरात, पाकिस्तानने कागदपत्रं नसलेल्या परदेशी लोकांना १ नोव्हेंबरपर्यंत देश सोडायला सांगितलं होतं, आणि लाखो अफगाण गाठोडी बांधून निघाले. त्यांत कराची-पेशावरात जन्मलेली, अफगाणिस्तान कधी न पाहिलेली मुलं होती. टीटीपीला त्याने काय फरक पडला, ते वरच्या आकड्यांवरून दिसतंच.

इथे उर्दू शिकवणारा माणूस म्हणून एक गोष्ट खटकते ती सांगतो. जुलै २०२४ मध्ये पाकिस्तान सरकारने आदेश काढला की, टीटीपीला यापुढे ‘फितना अल-खवारिज’ म्हणायचं. खवारिज म्हणजे हजरत अली (रजि.) यांची साथ सोडून त्यांच्याच विरुद्ध उठलेले लोक. त्यांच्यापैकीच एकाने हजरत अलींना कुफ्याच्या मशिदीत शहीद केलं. निरपराधांना काफिर ठरवून मारणाऱ्यांना उलेमांनी हे नाव दिलं तर समजू शकतं. जानेवारी २०१८ मध्ये १,८०० हून अधिक उलेमांनी ‘पैगाम-ए-पाकिस्तान’ या फतव्यावर सह्या करून आत्मघाती हल्ले हराम ठरवले होते, त्याआधी फेब्रुवारी २००८ मध्ये आपल्या दारुल उलूम देवबंदनेही दहशतवादाविरुद्ध जाहीर भूमिका घेतली होती. पण सरकारी खातं जेव्हा परिपत्रक काढून असे शब्द वाटतं, तेव्हा गंमत होते. मे २०२५ मध्ये बलोच गटांसाठीही नवं नाव आलं, ‘फितना अल-हिंदुस्तान’. नावं बदलली की स्वतःच्या हाताने काय पेरलं हे विचारायची गरज उरत नाही.

मग काहीच चाललं नाही का?

चाललं, एक गोष्ट चालली: हिशेबाची वही. एफएटीएफ, म्हणजे दहशतवादाला जाणाऱ्या पैशावर नजर ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्था, तिने जून २०१८ मध्ये पाकिस्तानला ‘करड्या यादीत’ टाकलं. कर्जासाठी नाणेनिधीच्या दारात उभ्या असलेल्या देशाला हे परवडणारं नव्हतं. मग वर्षानुवर्षं न झालेली कामं होऊ लागली. हाफिज सईदला जुलै २०१९ मध्ये अटक, फेब्रुवारी २०२० मध्ये शिक्षा. लखवीला जानेवारी २०२१ मध्ये शिक्षा. साजिद मीर, ज्याला पाकिस्तान मेलेला सांगत होता, तो जिवंत निघाला आणि जून २०२२ मध्ये त्यालाही शिक्षा झाली. ३४ मुद्द्यांची यादी पूर्ण झाली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये देश यादीतून बाहेर आला.

यातली मेख अशी की, या तिघांना शिक्षा झाली ती पैसे पुरवल्याबद्दल. मुंबईत १६६ माणसं मारल्याबद्दल पाकिस्तानात एकालाही शिक्षा झालेली नाही. कटाचा काही भाग पाकिस्तानात रचला गेला, हे २००९ मध्येच त्यांच्या गृहखात्याच्या प्रमुखांनी मान्य केलं होतं, तरीही.

बाकी प्रादेशिक सहकार्याच्या नावाने कागद भरपूर आहेत. सार्कचा दहशतवादविरोधी करार १९८७ चा आहे. २००६ मध्ये हवानाला भारत-पाकिस्तानची संयुक्त यंत्रणा ठरली. ताश्कंदमध्ये शांघाय सहकार्य संघटनेचं दहशतवादविरोधी कार्यालय आहे आणि २०१७ पासून दोन्ही देश तिचे पूर्ण सदस्य आहेत. पण जून २०२५ मध्ये चीनमधल्या संरक्षणमंत्र्यांच्या बैठकीत पहलगामचा उल्लेख नाही म्हणून राजनाथ सिंह यांनी निवेदनावर सही केली नाही. सप्टेंबरच्या तियानजिन जाहीरनाम्यात पहलगाम आणि जाफर एक्सप्रेस दोन्ही आले तेव्हा कुठे सह्या झाल्या. म्हणजे एकेका ओळीसाठी महिने लागतात. त्याच वर्षी पाकिस्तान सुरक्षा परिषदेच्या तालिबान निर्बंध समितीचा अध्यक्ष झाला. काबूल विमानतळावरच्या हल्ल्यातला एक संशयित पकडून दिला म्हणून ट्रम्प यांनी मार्चमध्ये त्याचे आभार मानले होते. मोठ्या देशांना जेव्हा काम असतं, तेव्हा त्यांनाही ‘चांगले’ आणि ‘वाईट’ ही वाटणी चालते.

आता आपल्याबद्दल. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईत जे मारले गेले त्यांत मुसलमानही थोडे नव्हते. सीएसटीवर गाडीची वाट पाहणाऱ्याला गोळीने नाव विचारलं नाही. मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात जागा द्यायला जामा मस्जिद ट्रस्टने साफ नकार दिला. शेवटी सरकारला ते मृतदेह गुपचूप पुरावे लागले. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला २६ जण गेले, त्यांत डोंबिवली, पुणे, पनवेलची सहा माणसं होती, आणि पर्यटकांना वाचवायला धावलेला एक स्थानिक मुसलमान घोडेवालाही. हे सगळं असूनही दर हल्ल्यानंतर आपल्या मुलांना वर्गात, रिक्षात, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वेगळ्या नजरेने पाहिलं जातं. त्याचा राग येतो, आम्हालाही येतो. पण त्या रागापोटी कोणी पोरगा ‘तिथे’ चाललेल्याचं समर्थन करू लागला, तर त्याला पेशावरच्या त्या शाळेबद्दल आणि त्या मशिदीबद्दल सांगावं लागतं. आम्ही सांगतो. सोपं नसतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये, सरहद्दीवर गोळीबार चालू असताना, तालिबानचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्तकी दिल्लीत होते. देवबंदलाही जाऊन आले. भारताने काबूलमधल्या आपल्या कार्यालयाला पुन्हा दूतावासाचा दर्जा दिला. शेजाऱ्याशी बोलावं लागतं, त्यात गैर नाही. पण हेच तालिबान काल आपल्यासाठी कोण होते आणि आज कोण आहेत, हा प्रश्न आपल्या सरकारलाही विचारता येतो. मुत्तकींच्या पहिल्या पत्रकार परिषदेत एकही महिला पत्रकार नव्हती. ओरड झाल्यावर दुसरी परिषद घ्यावी लागली, तिथे त्या बसल्या.

ही बातमी वर्गात वाचून दाखवली तेव्हा जूनमधल्या त्या मुलाने हात वर केला नाही. मागच्या बाकावरच्या एका मुलीने केला. “सर, तिकडे मुलींची शाळा सहावीपर्यंतच आहे ना? म्हणजे मी तिथे असते तर तीन वर्षांपासून घरीच बसले असते.” हो म्हणालो, आणि हजेरीपट पुढे ओढला.